पान ‘ब्राऊन झालं’ म्हणजे नेमकं काय झालं?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरातल्या झाडांवर आलेला मजकूर मी दोनदा वाचला. पानं ब्राऊन व्हायला लागली की झाडाला पाणी कमी पडतंय असं समजावं, रोज थोडं थोडं पाणी घालावं, सकाळ-संध्याकाळ पानांवर फवारा मारावा आणि सोबत खताचा एक डोस द्यावा, असा त्याचा सारांश. लिहिणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे. पण नेमक्या याच सल्ल्यानं मेलेली झाडं मी गेली ११ वर्षं कुंडीतून उपसून काढते आहे, म्हणून हे पत्र लिहायला बसले. पत्र लांबलंय, तेवढं सांभाळून घ्या.

माझं काम असं की कार्यालयांना भाड्यानं दिलेल्या कुंड्यांची मी देखभाल करते. तीन इमारती, २०० च्या वर कुंड्या. सकाळी लोक कामावर यायच्या आत एक फेरी, आणि प्रत्येक कुंडीची वहीत नोंद. कुठलं झाड, कुठल्या खोलीत, खिडकीपासून किती लांब, शेवटचं पाणी कधी. मी बागकामाचं शिक्षण घेतलेलं नाही. जे कळलं ते कुंड्या उचलून आणि मुळं उघडून बघून कळलं, आणि काही गोष्टी कृषी पदवीधर असलेल्या आमच्या पर्यवेक्षक बाईंनी समजावून सांगितल्या.

माझ्या हाताखाली एक मुलगा आहे. नवीन आला तेव्हा रोज त्याचा एकच प्रश्न असायचा, “ताई, पान ब्राऊन झालंय, पाणी टाकू का?” त्याला मी पहिली गोष्ट शिकवली ती हीच, की ब्राऊन झालं असं म्हणायचं नाही. माझी आई शेतात राबलेली. तिच्या तोंडी पानासाठी असा एक शब्द कधीच नव्हता. पान पिकतं, वाळतं, कुजतं, भाजतं, करपतं. रंग बहुतेक वेळा तोच, तपकिरी. पण पिकलेलं पान आपल्या वयानं गेलेलं असतं, वाळलेल्याला पाणी मिळालेलं नसतं, कुजलेल्याला ते जास्त झालेलं असतं, भाजलेल्यावर ऊन पडलेलं असतं आणि करपलेलं क्षारांनी नाहीतर रोगानं गेलेलं असतं. कोणता शब्द लागू पडतो ते ठरलं की अर्धं निदान झालं. म्हणून आता तो मुलगा आधी पानाला हात लावतो, चुरगळून बघतो, आणि मग मला सांगतो, “ताई, कुजलंय.”

या कुजण्याबद्दलच मला सगळ्यात जास्त सांगायचंय, कारण घरात आणि कार्यालयात झाडं मरतात ती बहुतेक यानंच.

चौथ्या मजल्यावरच्या बैठकीच्या खोलीत आमचं एक स्पॅथिफायलम होतं, ज्याला बहुतेक लोक पीस लिली म्हणून ओळखतात. हे झाड तहान लागली की अक्षरशः मान टाकतं, सगळी पानं कुंडीच्या काठावरून खाली लोंबतात, आणि पाणी दिलं की काही तासांत पुन्हा ताठ होतं. तिथल्या लोकांनी हे एकदा पाहिलेलं होतं. त्यामुळे पुन्हा पानं लोंबली तेव्हा ज्याच्या हातात पाण्याची बाटली होती त्यानं ती कुंडीत रिकामी केली. पानं उठली नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी पाणी. मी गेले तेव्हा खालची पानं पिवळी पडून त्यांच्यावर काळपट तपकिरी, ओलसर डाग आले होते, आणि मीसुद्धा त्या दिवशी घाईत अर्धा लिटर पाणी घालून पुढे गेले. वहीत तशी नोंद आहे. ते पाणी मी घालायला नको होतं.

दोन दिवसांनी कुंडी उचलली तेव्हा ती इतकी जड लागली की मी खाली ठेवून पुन्हा उचलली. बाहेरून पांढरी शोभेची कुंडी होती, तिला तळाला भोक नव्हतं, आणि आतली प्लास्टिकची कुंडी तिच्यात चार बोटं पाण्यात उभी होती. ते पाणी करड्या रंगाचं झालं होतं आणि त्याला गटारासारखा वास येत होता. झाड बाहेर काढलं. निरोगी मूळ पांढरं किंवा फिक्या रंगाचं असतं, बोटात धरलं की ताठ लागतं, तुटताना कट्‌ आवाज येतो. ही मुळं तपकिरी होती. एक चिमटीत धरून हलकेच ओढलं तर वरची साल मोजा निघावा तशी सरकून माझ्या बोटांत आली आणि आत नुसता केसासारखा धागा उरला. हे एकदा पाहिलं की माणूस विसरत नाही.

कारण सोपं आहे, पण कोणी नीट सांगत नाही. मूळही श्वास घेतं. मातीच्या कणांमध्ये ज्या पोकळ्या असतात त्यांतल्या हवेतून त्याला ऑक्सिजन मिळतो. त्या पोकळ्या दिवसेंदिवस पाण्यानं भरलेल्या राहिल्या की मूळ गुदमरतं, आणि गुदमरलेलं मूळ पाणी शोषू शकत नाही. म्हणजे आजूबाजूला पाणीच पाणी असून पानापर्यंत थेंब पोचत नाही. पान लोंबतं ते तहानेनंच, पण ती तहान आणखी पाण्यानं भागणारी नसते. कुंडीतल्या मातीच्या अशा ओल्या मिश्रणात पिथियम आणि फायटोप्थोरासारखे मूळकूज आणणारे जीव वाढतात, त्यांचे बीजाणू पाण्यातून पोहत एका मुळाकडून दुसऱ्या मुळाकडे जातात. त्यामुळे झाड लोंबलं की पाण्याच्या आधी कुंडी उचलायची. हलकी असेल तर तहान, जड असेल तर हात आवरायचा. उचलता येत नसेल इतकी मोठी कुंडी असली तर बांबूची काडी तळापर्यंत खुपसून दहा मिनिटांनी काढायची. काडीला ओल आणि मातीचे कण चिकटले तर पाणी नको. नुसतं वरून बोट लावून काही कळत नाही, कारण वरची दोन बोटं माती कोरडी आणि तळ चिखल, ही स्थिती मी रोज बघते.

त्या झाडाची सगळी मऊ मुळं मी कात्रीनं काढली. कात्री आधी स्पिरिटनं पुसली होती. अर्ध्याहून कमी मुळं उरली, म्हणून पानंही कमी केली, नाहीतर उरलेल्या मुळांना तेवढ्या पानांना पाणी पुरवणं जमलं नसतं. कुंडी बदलून लहान घेतली. लोक इथे उलट करतात, आजारी झाडाला मोठी कुंडी देतात. मोठ्या कुंडीत माती जास्त, पाणी जास्त, ते प्यायला मुळं मात्र थोडी, त्यामुळे ती आठवडाभर ओलीच राहते. जुनं मिश्रण पूर्ण टाकून दिलं, नव्यात पर्लाइट म्हणजे पांढरे, हलके, सच्छिद्र दाणे आणि झाडाच्या सालीचे तुकडे घातले. खत अजिबात नाही. खिडकीतून भरपूर उजेड येईल पण ऊन पडणार नाही अशा जागी ठेवलं. आणि त्या पांढऱ्या कुंडीच्या आत एक उलटी ताटली ठेवली, म्हणजे पाणी साचलं तरी आतली कुंडी त्यात बुडणार नाही. सातव्या आठवड्यात मधून एक गुंडाळलेलं पान वर आलं, पेन्सिलच्या टोकाएवढं, पोपटी. ते झाड आजही आहे.

जाता जाता, कुंडीच्या तळाला खडे घातले की पाणी नीट निचरतं असं सगळीकडे सांगतात. त्यानं उलटच होतं. बारीक मातीतून पाणी खालच्या मोठ्या खड्यांमध्ये सहज उतरत नाही, माती पूर्ण तुडुंब होईपर्यंत ते खड्यांच्या वरच अडून राहतं. म्हणजे खड्यांचा थर जेवढा, तेवढी ती चिखलाची पातळी मुळांच्या जवळ सरकते. भोक मोठं ठेवा, त्यावर जाळीचा तुकडा टाका, एवढं पुरे.

आता टोकांबद्दल. ड्रॅसिना, क्लोरोफायटम म्हणजे ज्याला स्पायडर प्लांट म्हणतात ते, आणि कॅलेथिया. या तिघांची बाकी पान हिरवंगार आणि नेमकं टोक तेवढं तपकिरी, कोरडं, कुरकुरीत, कधी त्यामागे पिवळी बारीक रेघ, अशी तक्रार असते. इथेही सगळे पाणी वाढवतात. आमच्याकडे घडलं ते मी कधी कुठे छापलेलं वाचलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

एका इमारतीत पिण्याच्या पाण्याचं आरओ यंत्र आहे. त्यातून शुद्ध पाण्याबरोबर दुसऱ्या नळीतून टाकाऊ पाणी बाहेर येतं. ते वाया जाऊ नये म्हणून तिथल्या एका काकांनी ड्रम ठेवला आणि मला सांगितलं की झाडांना हेच घालत जा. मला ते मनापासून पटलं. पाणी फुकट जाताना बघवत नाही. तेव्हापासून त्या मजल्यावरच्या सगळ्या कुंड्यांना ड्रममधलं पाणी. तीन-चार महिन्यांत ओळीनं ठेवलेल्या नऊ ड्रॅसिनांची टोकं गेली. आधी नखाएवढी, मग बोटाच्या पेराएवढी. शेजारच्या मनी प्लांटला आणि स्नेक प्लांटला मात्र काही झालं नव्हतं. मी जागा बदलली, पाणी वाढवलं, कमी केलं, काही फरक नाही. मग यंत्राची दुरुस्ती करायला जो माणूस येतो त्याच्याकडे पाण्यातले विरघळलेले क्षार मोजायचं छोटं मीटर होतं, ते मी त्याला तिन्ही पाण्यांत बुडवायला सांगितलं. १ लिटरला मिलिग्रॅमच्या हिशेबात नळाचं पाणी २८०, शुद्ध पाणी १६, आणि माझ्या ड्रममधलं ४४०. यंत्र पाण्यातले क्षार नाहीसे करत नाही, ते एका नळीतून काढून दुसऱ्या नळीत ढकलतं. जे माणसांसाठी नको म्हणून वेगळं केलं, तेच मी झाडांना घालत होते.

झाड जेवढं पाणी मुळांनी घेतं त्यातलं शेकडा ९५ हून जास्त पानांतून वाफ होऊन निघून जातं. क्षारांची वाफ होत नाही. पाणी पानाच्या शिरांतून शेवटपर्यंत जातं, उडून जातं, आणि सोबत आलेलं जे काही आहे ते टोकाशी आणि कडांशी साठत राहतं. म्हणून करपणं टोकापासून सुरू होतं. यात ड्रॅसिना आणि क्लोरोफायटमचा खास वैरी म्हणजे फ्लोराइड. माणसांच्या पिण्याच्या पाण्यात १ लिटरला १.५ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतो असं जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शक प्रमाण आहे. ड्रॅसिनाची टोकं मात्र १ मिलिग्रॅमच्या पाण्यानंही जाऊ शकतात. सुपर फॉस्फेट खतात फ्लोराइड असतो, आणि मिश्रण जेवढं आम्लधर्मी तेवढा झाड तो जास्त ओढतं, हे आमच्या पर्यवेक्षक बाईंनी सांगितलं. तेव्हापासून ड्रॅसिनाला ते खत बंद.

पाणी रात्रभर बादलीत ठेवून सकाळी घाला, हा सल्लाही नेहमी वाचते. त्यानं पाण्यातला साधा क्लोरीन उडून जातो, तेवढाच. क्षार आणि फ्लोराइड जिथल्या तिथेच राहतात. उकळून गार केलेल्या पाण्यात तर पाणी आटल्यामुळे फ्लोराइडचं प्रमाण वाढतं. आम्ही काय केलं तर ड्रमचं पाणी फरशी पुसायला आणि शौचालयांना वळवलं, आणि या नऊ झाडांसाठी एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी बादलीत धरायला सुरुवात केली. ते हवेतल्या वाफेचं पाणी, त्यात क्षार जवळजवळ नसतातच. एसी धुतात त्या दिवशीचं मात्र घ्यायचं नाही, कारण त्यात धुण्याचं रसायन येतं. पावसाचं पाणी धरता आलं तर उत्तमच.

आणि जे आधीच साठलं होतं ते धुवून काढलं. कुंडीच्या काठाला आणि मातीवर पांढरी खरबरीत खपली आली असेल तर ती क्षारांची असते. वरची बोटभर माती खपलीसकट खरवडून काढली, कुंडी मोरीत नेली आणि कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट पाणी हळूहळू, थांबत थांबत वरून ओतून खालच्या भोकातून वाहू दिलं. पूर्ण निथळल्यावरच जागेवर ठेवली. दर दोन-तीन महिन्यांनी हे एकदा करते. थोडं थोडं पाणी रोज घालणाऱ्यांच्या कुंडीतून पाणी खाली कधी वाहतच नाही, त्यामुळे क्षार आतच साठत जातात. तुमच्या पुरवणीतल्या “रोज थोडं” या दोन शब्दांना माझा सगळ्यात मोठा आक्षेप आहे तो या कारणानं. घालायचं तेव्हा खालून येईपर्यंत घालावं, आणि पुन्हा गरज पडेपर्यंत घालूच नये.

खरोखर पाण्याविना वाळलेलं पान ओळखणं अवघड नाही. कुंडी हलकी, माती काठापासून सुटलेली, पान कडेपासून आत वाळत गेलेलं आणि हातात चुरा होणारं. कोकोपीटाचं म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचं मिश्रण एकदा कडकडीत वाळलं की वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. बघणाऱ्याला वाटतं पाणी भरपूर झालं. अशी कुंडी अर्धा तास टबात पाण्यात ठेवायची, मग निथळायची.

भाजलेल्या पानाचीही खूण स्पष्ट असते. डाग खिडकीकडच्या बाजूलाच, आधी पांढुरका, मग फिका तपकिरी आणि कागदासारखा पातळ. तो एक-दोन दिवसांत येतो आणि नंतर वाढत नाही. एका खोलीचे पडदे धुवायला काढले होते, तेवढ्या आठवड्यात कॅलेथियाची सहा पानं गेली. झाड आजारी दिसलं की लोक त्याला उन्हात नेऊन ठेवतात, तेव्हाही हेच होतं. सावलीत वाढलेल्या पानाला थेट ऊन सोसत नाही. न्यायचंच असेल तर रोज थोडं थोडं पुढे सरकवावं.

पानातला रस शोषणाऱ्या बारीक लाल कोळ्याबद्दल मात्र थोडं थांबून लिहिते, कारण त्याला रोग समजून लोक भलतीच औषधं मारतात. स्वागतकक्षातल्या दोन अरेका पामची पानं हळूहळू निस्तेज, मग कांस्याच्या रंगाची, मग तपकिरी होत होती. डाग असा नव्हताच, सुईनं टोचावेत तसे हजारो फिके ठिपके होते. पांढरा कागद खाली धरला आणि पानावर टिचकी मारली. कागदावर धूळ पडावी तसं काही पडलं, आणि क्षणभरानं ती धूळ चालायला लागली. बोटानं पुसली तर कागदावर तांबूस रेघ उमटली. हा लाल कोळी, जेमतेम अर्धा मिलिमीटर, आठ पायांचा. तो कीटक नसल्यामुळे कीटकांसाठीची पुष्कळ औषधं त्याच्यावर चालत नाहीत. गरम कोरड्या हवेत त्याची अंड्यापासून पुढची पिढी आठवड्या-दीड आठवड्यात तयार होते. दोन्ही पाम मोरीत नेऊन पानांची खालची बाजू पाण्याच्या जोरदार धारेनं धुतली. कोळी राहतो खालीच, वरून कितीही पुसा. मग दर चार-पाच दिवसांनी पुन्हा, असं एकूण तीन-चार वेळा, कारण अंडी पहिल्या धुण्यात सगळी जात नाहीत. सोबत कडुनिंबाच्या तेलाची फवारणी, संध्याकाळी, आणि आधी एका पानावर घालून बघितल्यावर. कपड्यांचा साबण वापरू नये, त्यानंच पानं भाजतात. एसीचा झोत त्या पामवर थेट येत होता, ती जागाही बदलली.

रोगाचे डाग यांहून वेगळे. ते टोक किंवा कड बघत नाहीत, पानावर कुठेही येतात आणि वाढतात. बुरशीच्या करप्यात पुष्कळदा एकात एक वर्तुळं दिसतात, जीवाणूंच्या डागाला कडेला ओलसर झाक आणि भोवती पिवळं वलय असतं. अशी पानं काढून बाहेर टाकावीत, कुंडीतच पडू देऊ नयेत. पाणी पानांवर न घालता मातीत घालावं आणि झाडं एकमेकांपासून थोडी दूर ठेवावीत. घरात एवढं केलं तरी बहुतेक वेळा डाग पसरायचे थांबतात.

म्हणूनच सकाळ-संध्याकाळच्या फवाऱ्याबद्दल माझं मत प्रतिकूल आहे. फवाऱ्यानं हवेतला ओलावा वाढतो तो थोडा वेळ, पाणी वाळलं की हवा पुन्हा होती तशी. तेवढ्या वेळात ओलं पान मात्र बुरशीला आणि जीवाणूंना हवंच असतं. कॅलेथियासारख्यांना खरंच दमट हवा लागते, अगदीच कोरड्या हवेत त्यांच्या कडा जातात. त्यांना एकत्र गटानं ठेवलं, एसी आणि पंख्याच्या झोतातून हलवलं तर जास्त फरक पडतो. ओल्या फडक्यानं पानं पुसणं वेगळं, ते जरूर करावं. धूळ निघते आणि पानाची खालची बाजूही नजरेखालून जाते.

खताचंही तसंच. पालाश म्हणजे पोटॅशियम कमी पडलं तर जुन्या पानांच्या कडा करपतात, हे खरं आहे. झाड ते जुन्या पानातून काढून नव्याला देतं. कॅल्शियम असं हलवता येत नाही, त्याची उणीव कोवळ्या पानांत दिसते. त्यामुळे आधी खालची पानं गेली की वरची, हे बघणं उपयोगाचं. पण कुंडीतल्या झाडांत उणिवेपेक्षा अतिरेकानं करपलेली पानं मला कितीतरी जास्त भेटली. मातीत क्षार वाढले की मुळांना पाणी ओढणंच जड जातं, आणि फारच वाढले तर मुळांतलं पाणी उलट बाहेर खेचलं जातं. आजारी झाडाला खत देऊ नये. नवं पान फुटलं की मग, आणि डब्यावर लिहिलंय त्याच्या निम्म्या प्रमाणात.

एक गोष्ट मात्र सगळ्या प्रकारांत सारखी. तपकिरी झालेला भाग पुन्हा हिरवा होत नाही. लोक उपाय करतात, आठवड्यानं तेच पान बघतात, तसंच दिसतं म्हणून दुसरा उपाय, मग तिसरा, आणि या धावपळीत झाड जातं. उपाय लागू पडला का, ते नव्या पानात दिसतं, आणि त्याला कित्येक आठवडे लागतात. टोकं डोळ्यांना खुपत असतील तर पानाच्या आकाराप्रमाणे तिरकी कापावीत आणि तपकिरी भागाची दोऱ्याएवढी कड शिल्लक ठेवावी. हिरव्यात कात्री गेली तर तिथून नवी जखम. आणि तळाचं एखादं पान पिवळं होऊन गळलं, बाकी झाड टवटवीत आहे, तर ते पिकलं. त्यासाठी काही करायचं नाही.

संपादक महोदय, माझी विनंती एवढीच की पुढच्या वेळी हा विषय घ्याल तेव्हा उपायाच्या आधी प्रश्न छापा. टोक गेलं, कड गेली की मधे डाग आहे? जुनं पान की नवं? कोरडं की मऊ? कुंडी जड की हलकी? पाणी कुठलं? झाड अलीकडे हलवलं होतं का? वाचकाला हे सहा प्रश्न स्वतःला विचारू द्या. आपला लेख वाचून कितीतरी घरांत त्याच सकाळी झारी हातात घेतली गेली असेल, आणि त्यांतल्या बऱ्याच कुंड्या आधीच ओल्या असतील, हे मला अनुभवानं माहीत आहे. झाड बोलत नाही, सोसत राहतं. आपल्या शब्दावर विश्वास ठेवून कोणी पाणी ओततं, म्हणून तो शब्द नेमका असायला हवा, असं मला कळकळीनं वाटतं.

हे लिहिते आहे तेव्हा दुसऱ्या मजल्यावरचा एक रबर प्लांट माझ्या वहीत लाल शाईनं लिहिलेला आहे. खालच्या तीन पानांवर मऊ डाग, काडी तळापर्यंत ओली. त्याच्या शेजारी बसणाऱ्या बाईंना मी सांगून ठेवलंय की कोणी बाटली घेऊन आलं तर थांबवा. काल कुंडी उचलली, अजून जड आहे. सोमवारी पुन्हा उचलून बघणार. हलकी झाली नसेल तर झाड बाहेर काढून मुळं बघेन.

आपली नम्र,
कुंड्यांची देखभाल करणारी एक वाचक